वाचकांचे प्रश्न : पंख्याच्या घडीतले पत्र

गेल्या अंकात लिसा सी यांच्या 'स्नो फ्लॉवर अँड द सीक्रेट फॅन' या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीचा परिचय देऊन आम्ही वाचकांचे अभिप्राय मागवले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट लगेच ध्यानात आली. ही कादंबरी वाचून कोणीही कोरडे राहिलेले नाही. काहींना रडू आले, काहींना राग आला, आणि रागावलेल्यांची पत्रे अधिक लांबलचक आहेत. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे. दक्षिण चीनमधील हुनान प्रांतातल्या जियांगयोंग परगण्यात १८२३ साली जन्मलेली लिली ही शेतकऱ्याची मुलगी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, आपली हकीकत सांगते आहे. सातव्या वर्षी तिचे पाय बांधले जातात आणि त्या पायांचा घाट पाहून तिला मोठ्या घरचे स्थळ मिळेल असे मध्यस्थ बाई सांगते. त्याच जोरावर स्नो फ्लॉवर नावाच्या, वरकरणी खानदानी दिसणाऱ्या मुलीशी तिचे 'लाओतोंग' म्हणून, म्हणजे जन्मभराची सखी म्हणून, नाते जुळवले जाते. दोघी 'नुशू' या केवळ बायकांच्या लिपीत, एका घडीच्या पंख्यावर, एकमेकींना निरोप लिहीत राहतात. पुढे लिली प्रतिष्ठित लू घराण्याची सून होते. स्नो फ्लॉवरच्या माहेरची अफूपायी झालेली दैना उघडी पडते आणि तिला खाटकाच्या घरी नांदावे लागते. अखेर एका पत्राचा भलताच अर्थ लावून लिली आपल्या सखीशी संबंध तोडते. शेवट आधीच फोडल्याबद्दल क्षमस्व, पण त्यावाचून पुढच्या प्रश्नांना उत्तरे देता येणार नाहीत.

प्रश्न : लिली मला मुळीच आवडली नाही. सखी नवऱ्याचा मार खाते, तिचा मुलगा जातो, आणि ही तिला आज्ञाधारक राहण्याचा आणि पुन्हा मुलगा होऊ देण्याचा उपदेश करते. अशा बाईची कहाणी आम्ही सहानुभूतीने का वाचावी?

उत्तर : सहानुभूतीने वाचावी असा आग्रह लेखिकेचाही दिसत नाही. पहिल्या वाचनात मलाही लिलीचा संताप आला होता, हे कबूल करतो. तथापि ही हकीकत कोण सांगते आहे ते विसरून चालत नाही. तरुण लिलीची वागणूक आपल्यापुढे मांडणारी बाई म्हणजे ऐंशी वर्षांची लिलीच आहे, आणि तिने स्वतःला कोठेही झाकून घेतलेले नाही. तिने मनात आणले असते तर तो उपदेश गाळता आला असता, किंवा त्याला मायेचा मुलामा देता आला असता. तिने तो जसाच्या तसा ठेवला आहे.

तो उपदेश तिच्या मनचा नव्हता, हेही पाहिले पाहिजे. लहानपणी बापाचे ऐकावे, लग्नानंतर नवऱ्याचे आणि वैधव्यात मुलाचे, या 'तीन आज्ञापालनां'चा पाठ तिला घोकून घ्यावा लागला होता, आणि तो तिला फळला होता. ज्या नियमांनी आपले भले झाले ते सर्वांचेच भले करतील, असे यशस्वी माणसाला वाटणे फार स्वाभाविक असते. स्नो फ्लॉवरला हवी होती कुशीत घेणारी मैत्रीण. तिला मिळाली नियम म्हणून दाखवणारी लू घराण्याची सूनबाई. मला स्वतःला त्याहून क्रूर वाटतो तो नंतरचा प्रसंग, जिथे लिली चार बायकांच्या देखत गाण्यातून स्नो फ्लॉवरची अब्रू काढते. त्या भागातल्या बायका आपली दुःखे ज्या रीतीने गाऊन हलकी करत, तीच रीत तिने शस्त्रासारखी वापरली. तेव्हा लिली आवडली नाही यात आपले काही चुकलेले नाही. लिलीलाही लिली आवडत नाही, आणि पुस्तक उभे आहे ते त्यावरच.

प्रश्न : पाय बांधण्याचे प्रकरण मी अर्ध्यावर मिटून ठेवले. सख्खी आई पोटच्या मुलीला मारून मुटकून चालवते, तिची हाडे मोडण्याची वाट पाहते, धाकटी मुलगी तर त्यात दगावते. हे सारे खरे आहे की वाचकाला हादरवण्यासाठी रंगवलेले आहे?

उत्तर : प्रसंग कल्पित आहे, प्रथा नाही. मुलगी साधारण पाच ते आठ वर्षांची झाली की पायाचा अंगठा मोकळा सोडून उरलेली चार बोटे तळव्याखाली दुमडत, त्यांवरून लांब ओली पट्टी आवळत आणि टाच व चवडा एकमेकांकडे ओढून पायाच्या कमानीला मधोमध बाक आणत. पट्टी वाळली की आणखी आवळे. ठरावीक दिवसांनी ती सोडायची, पाय धुवायचे, नखे काढायची, तुरटी लावायची आणि पहिल्यापेक्षा घट्ट बांधायची, असा क्रम दोनतीन वर्षे चाले, आणि पट्टी तर पुढे आयुष्यभर सुटत नसे. जखमा चिघळून मुली दगावत, हेही खरे आहे. आदर्श मानलेले 'तीन इंची सुवर्णकमळ' चिनी इंचात मोजत, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर. मात्र बहुतेकींचे पाय त्याहून मोठेच राहत. फुझोउ शहरात हुआंग शेंग नावाच्या, १२४३ साली सतराव्या वर्षी वारलेल्या एका उच्चकुलीन विवाहितेचे थडगे सापडले आहे. तिचे पाय पट्ट्यांनी गुंडाळलेले होते आणि तिच्याबरोबर पुरलेले जोडे तेरा ते चौदा सेंटिमीटर लांबीचे होते. म्हणजे लिलीच्या जन्माच्या वेळी ही रीत जवळजवळ सहाशे वर्षे तरी जुनी होती.

आता आईचा प्रश्न. कादंबरीत यासाठी 'तेंगआय' हा शब्द येतो. त्यातले पहिले अक्षर दुखण्याचे आणि दुसरे मायेचे. चिनी भाषेत हा शब्द लाड करणे, जीव लावणे अशा अर्थाने सहज वापरला जातो. लेखिकेने त्याची फोड करून त्यातली वेदना वर काढली आहे. मराठीत आपण लेकरासाठी जीव तुटतो असे म्हणतो तेव्हा तुटण्याकडे कुठे लक्ष देतो? लिलीची आई मुलीवर हात उगारते, तिला खोलीत येरझाऱ्या घालायला लावते, आणि तिला वाटते आपण हिचे कल्याण करतो आहोत. हिशोबाने पाहिले तर ते पूर्ण खोटेही नव्हते. मोठ्या पायाच्या मुलीच्या वाट्याला दासीपण येण्याची भीती होती, आणि लिलीच्याच घरात वावरणारी योंगगांग ही न बांधलेल्या पायांची मोलकरीण ते रोज डोळ्यांसमोर ठेवत असते.

पुरुषांच्या लहरीखातर हे चालले, असे आपण पुढे लिहिले आहे. तेवढ्याने उलगडा होत नाही. सतराव्या शतकात सत्तेवर आलेल्या मांचू राज्यकर्त्यांनी ही प्रथा बंद करण्याचा हुकूम काढला होता. तो कोणी मानेना, तेव्हा १६६८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. बादशहाला जे जमले नाही ते घराघरांतल्या आया आणि आज्या नेटाने करत राहिल्या. त्यामागे लग्नाचा बाजार होता, कुळाची प्रतिष्ठा होती, आणि अलीकडे काही अभ्यासकांनी आणखी एक कारण पुढे आणले आहे. लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स या दोन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रियांनी चीनच्या अनेक खेड्यांतल्या वृद्ध बायकांच्या मुलाखती घेऊन असे मांडले की बांधलेल्या पायांची मुलगी उंडारत नाही, ती बसून सूत काढते, विणते, आणि तिच्या हातांची कमाई घराला लागते. गिरणीचे सूत आणि कापड आले, घरच्या चरख्याची किंमत उतरली, आणि त्या त्या भागातली प्रथाही मोडत गेली. हे म्हणणे सर्वांना मान्य नाही, परंतु ते वाचल्यापासून मला कादंबरीतली माडीवरची बायकांची खोली वेगळी दिसू लागली. चौघीजणी बसल्या आहेत, गाणी चालली आहेत, जोड्यांवर कशिदा भरला जातो आहे. लिलीला तो सुखाचा काळ म्हणून आठवतो. त्याच वेळी ते एक कामाचे ठिकाणही आहे, आणि तिथून उठून जाता येईल असे कोणाचेही पाय राहिलेले नाहीत.

मिटून ठेवलेले पुस्तक पुन्हा उघडावे, अशी विनंती. ते प्रकरण ओलांडून पुढे गेले तरी चालेल.

प्रश्न : फक्त बायकांना येणारी लिपी खरोखरच होती का? ती इतकी वर्षे पुरुषांपासून गुप्त कशी राहिली? आणि आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांशी तिची तुलना करता येईल का?

उत्तर : लिपी खरी आहे, 'गुप्त' हे विशेषण मात्र सैल हाताने वापरलेले आहे. 'नुशू' याचा अर्थच बायकांचे लेखन. जियांगयोंग आणि त्याला लागून असलेल्या थोड्याशा भागात ती चालत असे. अक्षरे तिरपी, बारीक आणि लांबट असतात, म्हणून तिकडचे लोक त्यांना डासांची उपमा देतात. सोंग घराण्याच्या काळात (दहावे ते तेरावे शतक) राजवाड्यात गेलेल्या हू युश्यू नावाच्या स्त्रीने माहेरच्या बहिणींना आपले दुःख कळवण्यासाठी ही अक्षरे योजली, अशी दंतकथा आहे. इतिहासाला तिचा आधार नाही. पुरुषांना ती येत नसे कारण ती शिकावी असे त्यांना कधी वाटले नाही. बायका हे लेखन मोठ्याने गाऊन वाचत. घरातल्या पुरुषांच्या कानांवर ते सहज पडे, आणि भाषा तर गावचीच होती. बायकांच्या रडगाण्यात आपल्या उपयोगाचे काय असणार, या बेफिकिरीने ती लिपी सुरक्षित राहिली, हे मला कोणत्याही गुप्ततेपेक्षा जास्त बोलके वाटते.

बाहेरच्या विद्वानांचे लक्ष तिच्याकडे १९८०च्या दशकाच्या आरंभी गेले. तोवर ती लहानपणापासून येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. गाओ यिनश्यान १९९० मध्ये, यी न्यानहुआ १९९१ मध्ये, आणि या परंपरेतली अखेरची मानली गेलेली यांग हुआन्यी २००४ मध्ये वारली. लिसा सी २००२ मध्ये जियांगयोंगला गेल्या तेव्हा यांग हुआन्यी शहाण्णव वर्षांच्या होत्या आणि दोघींची भेट झाली होती. २०१७ मध्ये संगणकाच्या युनिकोड प्रणालीत नुशूची ३९६ चिन्हे समाविष्ट झाली.

आता या लिपीची घडण पाहू, कारण कादंबरीची सारी मेख तिथे आहे. चिनी लेखनात चिन्ह अर्थाप्रमाणे बदलते. दोन शब्द उच्चाराने सारखे असले तरी कागदावर ते निराळे दिसतात. नुशूत चिन्ह असते ते शब्दातल्या एकेका उच्चारखंडाला, म्हणजे सिलॅबलला. त्यामुळे सारख्या उच्चाराचे चार शब्द एकाच चिन्हाने लिहिले जाऊ शकतात, आणि कोणता घ्यायचा ते वाचणारीने आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवायचे असते. आपल्याला हे समजायला अवघड नाही. 'वर आला' एवढेच दोन शब्द कोणी चिठ्ठीवर लिहून पाठवले तर मांडवातली बाई नवरदेवाच्या स्वागताला धावेल आणि माळ्यावर चढलेली बाई जिन्याकडे पाहील. चिठ्ठीत खोटे काही नाही. फरक वाचणारीच्या जागेचा आहे.

स्नो फ्लॉवरचे पत्र असेच आहे. आपल्या तक्रारी आता लिलीला ऐकाव्या लागणार नाहीत आणि शेजारच्या तिघी मानलेल्या बहिणी आपल्याला आहे तशी जवळ करतात, अशा अर्थाचे ते चार शब्द आहेत. लिलीच्या मनात आधीपासून संशय होता की ही आपल्यापासून दूर जाते आहे. त्या संशयाच्या उजेडात तिने वाचले की सखीने आपल्याला टाकून तिघींशी गाठ बांधली. खुलासा मागायला ती गेली नाही. घरातली सर्वांत हुशार वाचणारी म्हणून जिचा लौकिक होता, तिनेच हे करावे, ही योजना मला फार समर्थ वाटते. साध्या गैरसमजावर एवढी मोठी शोकांतिका उभी करणे पटत नाही, असे तिघाचौघांनी कळवले आहे. गैरसमज कोणत्याही लिपीत होऊ शकतो, हे मान्य. पण नुशूत तो लिपीच्या हाडांतच आहे, आणि ज्या अक्षरांनी दोघींना जोडले तीच अक्षरे त्यांना तोडतात.

ओव्यांची तुलना मोहात पाडणारी आहे, आणि माहेरची ओढ, सासरचा जाच, भावाची वाट पाहणे हे विषय दोन्हींकडे सापडतील. मात्र ओवी दळताना हवेत जाते आणि ऐकणारीच्या ओठी राहते. नुशूचे पत्र हाताने लिहिलेले, एकीच्या नावाचे असते आणि दुसऱ्या गावी पाठवता येते. त्याहून पुढे ही तुलना मी ताणणार नाही.

प्रश्न : 'लाओतोंग' हे नाते मला विवाहासारखे वाटले. मध्यस्थ, पत्रिका जुळवणे, लेखी करार. हे लेखिकेचे कल्पित आहे का?

उत्तर : नाते कल्पित नाही, त्याला दिलेले वजन बरेचसे कादंबरीचे आहे. एकाच वयाच्या दोन मुलींची अशी जोडी जुळवण्याची रीत त्या भागात होती. परंतु जियांगयोंगच्या बायकांच्या लेखनात अधिक दिसतात त्या मानलेल्या बहिणींच्या टोळ्या, आणि लग्ने झाली की त्या टोळ्यांची पांगापांग. एकच सखी, जन्मभर, दुसरीला जागा नाही, हा एकनिष्ठेचा कठोर नियम कथेला हवा होता, म्हणून तो इतका ठळक झाला.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवरीला सासरी पोचवले जाणारे पुस्तक, ज्याला 'सानचाओशू' म्हणतात, ते मात्र अस्सल आहे. कापडी बांधणीच्या त्या वहीत पहिल्या काही पानांवर आईने, बहिणींनी, सख्यांनी लिहिलेली विरहाची गाणी असत आणि पुढची पाने कोरी सोडलेली असत, म्हणजे नवरीने तिथे आपले लिहावे. पानांच्या मध्ये कशिद्याचे नमुने आणि रंगीत दोरे ठेवत. पहिले मूल होईपर्यंत सुनेने बहुतांश माहेरीच राहायचे, ही लिलीच्या बाबतीत दिसणारी रीतही त्या भागातली खरी आहे.

प्रश्न : ताइपिंग बंडाचा भाग मध्येच घुसडल्यासारखा वाटतो. तो काढला तर काय बिघडेल?

उत्तर : बरेच बिघडेल. हुंग श्यूच्वान याच्या नेतृत्वाखाली १८५१ मध्ये शेजारच्या ग्वांगशी प्रांतात उठाव झाला, १८५२ मध्ये बंडखोर दक्षिण हुनानमधून पुढे सरकले, १८५३ मध्ये त्यांनी नानजिंगला राजधानी केली आणि १८६४ मध्ये त्यांचा पाडाव होईपर्यंत युद्धात, उपासमारीत आणि रोगराईत दोन कोटींच्या आसपास माणसे मेली असे सामान्यतः मानले जाते. कादंबरीत या सगळ्यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. दिसतो तो थंडीत डोंगर चढणारा बायकांचा जमाव. ज्या पायांनी आजवर उंबऱ्यापासून पालखीपर्यंतचे अंतर कापले त्या पायांनी आता दगडधोंड्यांतून वर जायचे आहे, आणि अनेकींना ते जमत नाही. पाय बांधण्याच्या प्रकरणात जे पेरले ते इथे उगवते.

यात एक उपरोध आहे, तो लेखिकेने बोलून दाखवलेला नाही. ज्यांच्या भीतीने या बायका पळत होत्या त्या ताइपिंगांनीच पाय बांधण्यास बंदी केली होती. त्यांच्यात दक्षिण चीनमधल्या हाक्का समाजाच्या लोकांचा भरणा मोठा होता, आणि हाक्का बायका पाय बांधत नसत. त्या शेतात राबत आणि बंडात पुरुषांबरोबर कूच करत.

प्रश्न : लेखिका अमेरिकेत वाढलेली आहे. जुन्या चीनमधली प्रत्येक स्त्री म्हणजे दुबळी, अडाणी आणि छळलेली, असे चित्र पाश्चात्त्य वाचकांना आवडते म्हणून तिने काढले आहे. आपण त्याची तारीफ करावी याचे आश्चर्य वाटले.

उत्तर : आक्षेपाचा पहिला भाग निराधार नाही. लिसा सी यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला, त्या लॉस एंजेलिसमध्ये वाढल्या आणि त्यांच्याकडे चिनी वारसा आला तो पणजोबांकडून. लहान पाय आणि बंद खोल्या यांच्या पलीकडचा चीन पाहण्याची इच्छा अनेक परदेशी वाचकांना नसते, हेही खरे. हा कालखंड केवळ या एका पुस्तकातून समजून घेऊ पाहणाऱ्याचा गैरसमज होईल.

कारण त्याच संस्कृतीत, पहिल्या-दुसऱ्या शतकात, बान झाओ ही विदुषीही होऊन गेली. भाऊ बान गू वारल्यावर त्याने अपुरा सोडलेला हान घराण्याचा इतिहास तिने पुरा केला. तिनेच लिहिलेला स्त्रियांचा उपदेशग्रंथ पुढे शतकानुशतके मुलींना नमते घ्यायला शिकवण्यासाठी वापरला गेला, आणि त्याच ग्रंथात मुलग्यांप्रमाणे मुलींनाही वाचायला शिकवावे असा तिचा आग्रह आहे. तेवढा भाग लोकांनी सोयीने विसरून टाकला. हांगझोउच्या वू रेन याच्या तीन बायकांनी, एकीच्या मागून एक, एका प्रसिद्ध प्रेमनाटकावर भाष्य लिहिले आणि ते १६९४ मध्ये छापले गेले. अठराव्या शतकात चेन दुआनशेंग या त्याच शहरच्या कवयित्रीने एक प्रदीर्घ पद्यकथा रचली. तिची नायिका पुरुषवेशात परीक्षा उत्तीर्ण होऊन थेट राज्याच्या मंत्रिपदापर्यंत पोचते आणि वेश उतरवायला राजी नसते. लिलीने आपली हकीकत सांगितली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, हुनानमधल्या एका घराण्याची सून छ्यू जिन नवरा आणि मुले मागे ठेवून शिकायला जपानला गेली. तिने पायांच्या पट्ट्या सोडल्या, १९०७ मध्ये शांघायला स्त्रियांसाठी नियतकालिक काढले आणि त्याच वर्षी जुलैत उठावाच्या आरोपाखाली शाओशिंगमध्ये तिचा शिरच्छेद झाला.

या सर्वजणी मात्र सुशिक्षित घरांतल्या होत्या. त्यांना पुरुषांची लिपी येत होती आणि म्हणून त्यांची नावे राहिली. जियांगयोंगच्या शेतकरी बायकांना ती येत नव्हती. त्यांनी आपली केली. म्हणूनच आक्षेपाच्या दुसऱ्या भागाशी माझे जमत नाही. लिली दुबळी नाही. घरावर तिची हुकूमत चालते. ती अडाणीही नाही. आणि छळ करणाऱ्यांच्या यादीत तिचे स्वतःचे नाव आहे. बिचाऱ्या चिनी स्त्रीचे चित्र काढायचे असते तर लेखिकेने स्नो फ्लॉवरला निवेदन दिले असते, आणि पुस्तक कदाचित जास्त खपले असते.

प्रश्न : यावरचा चित्रपट पाहावा का?

उत्तर : वेन वांग यांनी तो २०११ मध्ये केला. त्यात आजच्या शांघायमधली दोन मैत्रिणींची समांतर कथा जोडली आहे, ती कादंबरीत नाही. पुस्तक वाचून झाले असेल तर पाहा. आधी पाहू नका.

प्रश्न : स्नो फ्लॉवर गेल्यावर लिली तिच्या मुलाबाळांसाठी जे करते ते प्रायश्चित्त म्हणून पुरेसे आहे का? मृत सखीने तिला क्षमा केली असे समजावे काय?

उत्तर : हिशोब जुळत नाही, आणि जुळावा असा प्रयत्नही पुस्तकात नाही. आजारपणात लिली उशाशी येऊन बसते, हे खरे. पण त्या तिघी बायका तिला पत्राचा खरा अर्थ सांगतात तो स्नो फ्लॉवर गेल्यानंतर, आणि चूक कळते तेव्हा ती जिच्यापाशी कबूल करायची तीच उरलेली नसते. पुढची अनेक वर्षे लिली आडून आडून मदत करत राहते आणि सखीची नात आपल्या घरात सून म्हणून यावी अशी व्यवस्था करते. एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की हेही लिलीचे हुकूमत गाजवणेच झाले. मेलेल्या सखीच्या नातीचे आयुष्यसुद्धा तिनेच ठरवले. हे मला सुचले नव्हते, आणि वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही.

क्षमेविषयी मी एवढेच दाखवू शकतो की लिली हे सारे कोणाला उद्देशून सांगते. जियांगयोंगमध्ये बाई वारली की तिची नुशूतली पत्रे, वह्या, पंखे तिच्याबरोबर जाळण्याची किंवा पुरण्याची रीत होती, म्हणजे परलोकी तिला ते वाचता यावे. जुने नुशू लेखन आज इतके थोडे सापडते त्याचे हे एक मोठे कारण. लिलीलाही आपले शब्द असेच जाळले जायला हवे आहेत, म्हणजे ती स्वतः पोचण्यापूर्वी ते पलीकडे पोचतील. तिने ज्या वाचणारीसाठी लिहिले ती एकच होती, आणि तिने ते कसे वाचले हे कळण्याची सोय लेखिकेने ठेवलेली नाही.